नोटीस लातूरला लागली

पुणे,
२४ ऑगस्ट १९८२

अण्णा,

शरणार्थ. तुझं पत्र परवा पोचलं. लातूर जिल्हा झाल्याची बातमी इथल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींत होती आणि तू चार पानं लिहिलीस. गुलाल, मिरवणूक, अप्पांनी मिलमधल्या सगळ्यांना वाटलेले पेढे, धोंडप्पाकाकांचा नाच. काकांचं वजन आठवून मी एकटीच हसत बसले. एका कागदासाठी उदगीरहून उस्मानाबादला दिवस मोडायचा, ते आता संपलं, हे मात्र खरं. अप्पा लातूरला दुसरी दाळ मिल टाकायचं म्हणतात तेही वाचलं. पावसाचं तू एका ओळीत उरकलंस. घरच्या आडाला पाणी किती आहे ते लिही. अव्वाला विचारलं तर ती "हाय की" म्हणेल, म्हणून तू स्वतः वाकून बघून लिही.

माझं बरं चाललंय. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक मालाचा नमुना प्रयोगशाळेत येतो, तो विरघळवून तपासायचा, एवढंच काम. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हणाले, "नमुना विरघळवायले." सगळं टेबल हसलं. तेव्हापासून मी वाक्य आधी मनात धुऊन घेते आणि मग बाहेर काढते. संध्याकाळी खोलीवर येईतो दमून जाते, कामानं नाही, बोलण्यानं. मग दार लावून एकदा मोठ्यानं म्हणते, "लई दमले गं अव्वा!" खाली घरमालकीण कुसुमताईंना ऐकू जात असणार. त्या ससूनमधून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्याच असतात, फार प्रश्न विचारत नाहीत.

आता तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद. "रेणुकादास गुरुजींची विशाखा नोकरी बघायला पुण्याला यायचं म्हणते, तुझी मैत्रीण आहे, महिनाभर खोलीवर ठेवून घे."

अण्णा, मला येडी समजतोस का? विशाखा माझ्याबरोबर तीन वर्षं कॉलेजात एका बाकावर बसली. तिला नोकरी बघायची असती तर तिनं मला लिहिलं असतं. तुझ्याकडून निरोप कशाला येईल? सणाच्या दिवशी ती आपल्याकडं आली की तू मिलमधून लवकर घरी यायचास, ते मला दिसत नव्हतं होय!

मी रागावले नाही. खरं सांगायचं तर रागावले होते, दोन दिवस. तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही म्हणून. मग आठवलं, मला पुण्याला पाठवायला अप्पा तयार नव्हते तेव्हा तू त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालास, "मी मिलमध्ये बसतो. जन्मभर बसतो. तिला जाऊ द्या." तुला स्वतःला पुढं शिकायचं होतं. ते मी कसं विसरेन?

पाठव तिला. पण अण्णा, ते ब्राह्मण, आपण लिंगायत. दोन्ही घरं शाकाहारी, दोन्ही घरं देवाधर्माची, आणि एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पिणारी. तू हे नीट धरलंयस ना मनात? पक्कं असेल तरच पाठव.

तुझी,
रुद्राणी


पुणे,
१० ऑक्टोबर १९८२

अण्णा,

तू आलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. बोलायला वेळच मिळाला नाही, म्हणून लिहिते.

विशाखा रुळली आहे. आली त्या दिवशी तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि शेंगाचटणीची बरणी, एवढंच होतं. गुरुजींना नोकरीच्या मुलाखती म्हणून सांगून आली, त्यामुळं जास्त काही आणता आलं नाही. पहिले चार दिवस खिडकीशी बसून होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "रुद्रा, खोटं बोलून आले, तेवढं तरी खरं करते." आणि खरंच मुलाखती द्यायला लागली. आता लक्ष्मी रोडवरच्या एका पेढीत टेलिफोनवर बसते. मी शब्द धुऊन बोलते, ती मात्र धूत नाही. मालकानं हटकलं तर म्हणाली, "समोरच्याला समजलं न्हाई असं एकदा तरी झालंय का, सांगा." मला हे तिच्यात कधी दिसलं नव्हतं. उदगीरला ती रस्त्यानं जाताना माझ्या मागून चालायची.

लग्नाची नोटीस देताना कचेरीतल्या कारकुनानं जे सांगितलं ते तुला घाईत नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे. मी त्यांना पुन्हा जाऊन विचारलं. नोटीस इथल्या फलकावर महिनाभर राहील, त्यानंतर लग्न लावता येईल. पण तुम्ही दोघं मूळचे इथले नाहीत, म्हणून तिची एक प्रत तुमच्या जिल्ह्याला जाईल आणि तिथंही फलकावर लागेल. मी विचारलं, "म्हणजे उस्मानाबादला?" ते म्हणाले, "उदगीर ना? आता लातूर."

अण्णा, उस्मानाबादला आपल्यातलं कोण जात होतं? तिथं ती नोटीस वर्षभर लागून राहिली असती तरी कुणी वाचली नसती. लातूरची कचेरी नवी आहे. प्लॉटसाठी, परवान्यासाठी सगळे आडतवाले व्यापारी तिथं रोज उभे असतात. धोंडप्पाकाका तर तू म्हणतोस रोजच जातात.

म्हणून सांगते, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तू अप्पांना सांग. ओरडतील, मिलमधून जा म्हणतील. म्हणू देत. तुझ्या तोंडून कळलं तर त्यांना कमी लागेल.

विशाखाला मी हे बोलले नाही. ती रोज सकाळी केस विंचरताना काहीतरी गुणगुणते. तिचं गाणं मोडायचं जिवावर आलं.

पाऊस नाहीच म्हणतोस. अव्वाला म्हणावं, आडाचं पाणी खाली गेलं असलं तर पोहऱ्यानं उपसू नको, कंबर धरते तिची.

रुद्राणी


पुणे,
२५ नोव्हेंबर १९८२

अण्णा,

तुझं पत्र नाही. दिवाळी गेली, तरी नाही.

इकडं काय झालं ते सांगते. रविवारी सकाळी खाली कुसुमताईंचं दार वाजलं आणि त्यांनी हाक मारली, "रुद्राणी, तुमच्याकडचे कोणी गृहस्थ आलेत." मला वाटलं अप्पा. खाली गेले तर रेणुकादास गुरुजी. धोतर, काळा कोट, काखेत पिशवी. रात्रभर एस. टी.त बसून आले होते. धोंडप्पाकाकांनी फलकावरची नोटीस वाचली, ती आधी अप्पांना सांगितली आणि मग शाळेत जाऊन गुरुजींना. वर्ग चालू असताना, दारात उभं राहून.

विशाखा खाली आली. गुरुजींनी तिला नखशिखांत बघितलं. "चल," एवढंच म्हणाले.

"न्हाई बाबा."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही. मुलाखतीला गेली आहे, हेच लोकांना माहीत आहे."

"नोटीस लागलीय ना बाबा. सगळ्यांना माहीत हाय."

गुरुजी खुर्चीवर बसले. कुसुमताईंनी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं आणि माझ्याकडं वळून तुझ्याविषयी विचारलं, "विरूपाक्ष येईल?"

माझ्याआधी विशाखा म्हणाली, "येईल."

"मी त्याला तीन वर्षं शिकवलं," गुरुजी म्हणाले. "हुशार. मनानं निर्मळ. पण उत्तर येत असून कधी हात वर केला नाही त्यानं. मी नाव घेऊन विचारलं तरच उठायचा."

गुरुजींनी आणखी आग्रह केला नाही, की शिव्याशाप दिले नाहीत. मी पोहे केले. आपल्या घरचं ते खात नाहीत, म्हणून कुसुमताईंच्या चुलीवर केले, पण केले मीच, आणि त्यांना ते ठाऊक असून त्यांनी खाल्ले. निघताना दाराशी कुसुमताईंना हळूच विचारलं, "ही वेळेवर जेवते ना?" मग रस्त्याला लागले. विशाखा कोपऱ्यापर्यंत त्यांच्यामागं गेली आणि कोपऱ्यावरच थांबली.

त्या माणसाला आता त्या गावात, त्या शाळेत रोज उभं राहायचं आहे. आणि त्यांनी खाल्ले ते पोहे.

सोमवारी, १३ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता कचेरीत यायचं आहे. साक्षीला कुसुमताई आहेत, माझ्या प्रयोगशाळेतल्या एक बाई आहेत आणि मी आहे. तू आदल्या दिवशी ये. पैसे, कपडे, काही आणू नकोस. अप्पा काय म्हणाले ते लिहायचं नसेल तर लिहू नकोस. फक्त येतो एवढं एक कार्ड टाक. मला नको, तिला टाक.

रुद्राणी


पुणे,
२२ डिसेंबर १९८२

अण्णा,

तुझं पत्र आलं. विशाखाला दिलं नाही. ती म्हणाली, "माझ्या नावाचं हाय का?" मी म्हणाले, नाही. "मग तुझं तू वाच."

तू लिहितोस की अप्पा ओरडले नाहीत. लातूरच्या नव्या मिलच्या किल्ल्या तुझ्यासमोर ठेवल्या आणि रडले. अप्पांना रडताना तू जन्मात पहिल्यांदा बघितलंस. आणि "मला ते बघवलं नाही."

असेल. मलाही बघवलं नसतं. पण त्या सोमवारी मी काय बघितलं ते तुला सांगते, कारण तू तिथं नव्हतास.

ती सकाळी लवकर उठून न्हाली. गुरुजींच्या आईची इरकल कशीतरी उदगीरहून मागवून घेतली होती तिनं, तिच्या मावशीकडून, चोरून. ती नेसली. तू आदल्या दिवशी आला नाहीस, तर म्हणाली, रात्रीच्या गाडीनं येईल, परस्पर कचेरीत येईल. आम्ही साडेदहालाच गेलो. बाकावर बसलो. तिनं पिशवीत दोन हार आणले होते, त्यावर ओलं फडकं टाकलेलं. अकरा वाजले. आणखी दोन जोडपी आली, त्यांची लग्नं लागली, त्यांनी आम्हाला पेढे दिले. कारकून बाहेर येऊन म्हणाला, "नवरदेव?" ती म्हणाली, "यायलेत." आजूबाजूचे एकदोघं हसले. मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत कचेरीचं दार लागलं तरी आम्ही बाकावरच होतो. कुसुमताई उठून रस्त्यापर्यंत जाऊन येत. दरवेळी परत येताना मान खाली. दार पुन्हा उघडलं. कारकून भला माणूस होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नोटिशीची मुदत अजून आहे, ताई. आजच असं काही नाही. पुन्हा कधीही या."

हे मी विशाखाला सांगितलं. ती म्हणाली, "मुदत नोटिशीला हाय, रुद्रा. मला न्हाई." फडकं काढून तिनं हार बाहेर काढले. मला वाटलं फेकते की काय. ती त्या कारकुनाकडं गेली, म्हणाली, "ताजे हायेत. ज्यांनी आणले नसतील त्यांना द्या." आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर रडली. तुला काय वाटलं, रडली नसेल? अप्पांचं रडणं तू बघितलंस, कारण ते तुझ्यासमोर होतं. हिचं रडणं तुला बघायला लागू नये, म्हणून तू उदगीरलाच बसलास. त्याला बघवलं नाही म्हणत नाहीत. बघितलं नाही म्हणतात.

तू वाईट आहेस असं मला लिहिता येत नाही. फार प्रयत्न केला. तू मला पुण्याला पाठवलंस. माझ्यासाठी अप्पांसमोर उभा राहिलास. दुसऱ्यासाठी तुझ्या तोंडून शब्द निघाला, मग स्वतःसाठी का निघाला नाही, याचा मी या खोलीत बसून रोज विचार करते.

पत्र लिहायचं तर लिही. मी वाचेन. उत्तराचं सांगत नाही.

रुद्राणी


पुणे,
२४ एप्रिल १९८३

अण्णा,

पाडव्याला उदगीरला आले होते हे तुला कळलंच असेल. तू लातूरला होतास. मिलचं काम असेल, असं अव्वा म्हणाली आणि माझ्याकडं न बघता भाकरी थापत राहिली.

गाव बघवत नव्हतं. आडाच्या तळाला चिखल. अव्वा, म्हणजे मिलमालक गुरुबसप्पा दाळवाल्यांची बायको, घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी, आणि कुणी तिला पुढं जा म्हणत नाही, कारण पुढं कुणालाच जाता येत नाही. देवणीच्या मामांनी दोन्ही बैल सासऱ्यांकडं कर्नाटकात पाठवले. मी घागर घेतली तर अव्वा म्हणाली, "तू पुण्याची पाव्हणी. तुझ्यानं व्हायचं न्हाई." झालं माझ्यानं. हात मात्र आठवडाभर दुखले.

अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर ज्वारी निवडत होते, तिथं येऊन बसले. म्हणाले, "तू तिला जागा दिलीस."

"व्हय."

"माझ्याच पोरीनं."

"व्हय, अप्पा."

सुपातला एक खडा त्यांनी उचलून बाहेर टाकला. मग विचारलं, "कशी हाय ती पोरगी?"

मी सांगितलं. जानेवारीभर तापानं झोपून होती. उठली ती कुसुमताईंच्या हातची पेज पिऊन. पेढीत परत कामाला जाते. संध्याकाळी सरकारी परीक्षेचा अभ्यास करते. गुरुजींना दर रविवारी पत्र टाकते, त्यांचं उत्तर येत नाही, तरी टाकते. अप्पा ऐकत होते. आणि मग जे म्हणाले ते तुला लिहू की नको, याचा विचार करण्यात आठवडा गेला. लिहिते. तुला दुखवायला नाही. ते तुझ्याशी हे कधी बोलणार नाहीत म्हणून.

म्हणाले, "मी रडलो. किल्ल्या ठिवल्या. बाप हाय मी, माझ्यानं व्हईल ते सगळं केलं. अडवायचं तेवढं अडवलं." मग म्हणाले, "पण त्यानं जायला पायजे व्हतं गं. पोरीला बाकावर बसवून ठिवलं. माझ्या पोरानं."

मला हुंदकाच फुटला. अप्पा उठून आत गेले.

तू त्यांच्यासाठी थांबलास. आणि त्यांना रोज तुझ्याकडं बघून तेच आठवतं. अण्णा, याचं मी काय करू? तू काय करशील? मला माहीत नाही. मिलमध्ये त्यांच्या शेजारी बसतोस तेव्हा तुला ते जाणवत असेल, असं मला वाटतं. नसेल जाणवत तर हे पत्र फाडून टाक.

रुद्राणी


पुणे,
२० नोव्हेंबर १९८३

अण्णा,

लग्नपत्रिका मिळाली. निलंग्याची दानम्मा मला ठाऊक आहे, मामांच्या लग्नात बघितली होती. हसरी आहे. तिला सुखात ठेव. तिला काही विचारायचं असलं तर ती विचारेल त्याची वाट बघू नकोस, आधीच सांगत जा. मागचं सगळं सांग. गावात तिला कुणीतरी सांगणारच आहे.

माझी एक बातमी. प्रयोगशाळेत मला बढती मिळाली, आता हाताखाली दोन मुली आहेत. एक परभणीची आहे. परवा ती म्हणाली, "मॅडम, मी लिहायले." टेबलावरचे हसायच्या आत मी म्हणाले, "लिहून झालं की मला दाखव, मी वाचायले." कुणी हसलं नाही.

दुसरी बातमी तुला माझ्याकडूनच कळलेली बरी. विशाखा परीक्षा पास झाली. नव्या जिल्ह्यात जागा भरायच्या होत्या. तिला पसंती विचारली. पुणं मिळत होतं. मी तिला म्हणाले, इथंच राहा, आपली दोघींची खोली आहे. कुसुमताईही म्हणाल्या. ती म्हणाली, "पुण्याला मी त्याच्यासाठी आले. आता त्याच्यासाठी गाव सोडू का? ते गाव माझंबी हाय." आणि लातूर लिहिलं.

गेल्या महिन्यात रुजू झाली. कलेक्टर कचेरीत टंचाईच्या शाखेत. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्याला गेला नाही, ते बघणं तिचं काम. पहिल्या रविवारी गुरुजी उदगीरहून आले, तिच्या खोलीवर दिवसभर बसले, आणि जाताना तिनं त्यांना लिहिलेली सगळी पत्रं वाचली आहेत, एवढं सांगून गेले. हे तिनं मला एकाच पत्रात दोनदा लिहिलं.

लातूर काही फार मोठं नाही. तुझी मिल आणि तिची कचेरी एकाच रस्त्याला आहेत. ती तुला दिसेल. तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. ती काय करेल ते मला माहीत आहे. मान वर ठेवून समोरून येईल, आणि तू बोललास तर उत्तर देईल.

लग्नाला मी येणार. तू माझा भाऊ आहेस, अक्षता टाकायला मी नाही तर कोण? हळदीला येईन, मांडवात नाचेनसुद्धा. अप्पांना सांग, माझी पुरणपोळी वेगळी काढून ठेवा.

अव्वा म्हणते, लातूरला पाव्हण्यांसाठी धर्मशाळेत खोल्या घेतल्यात, एक माझ्या नावाची. ती दुसऱ्या कुणाला दे. मी विशाखाकडं उतरणार आहे. स्टँडवर न्यायला कुणाला पाठवू नकोस. ती येणार आहे.

तुझी बहीण,
रुद्राणी